फक्त बहीण म्हणून

मुळगावात देवकी गांवसला लोक अजूनही ‘उलोवपाची बाय’ म्हणतात. उलोवप म्हणजे बोलणं. चार वर्षं बोलणं हाच तिचा धंदा होता आणि त्याबद्दल तिला पगार मिळत होता, याचं गावातल्या बायकांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. आम्ही दिवसभर फुकटच बोलतो, अशी थट्टा नळावर व्हायची. देवकीही हसायची. या बोलण्याचं शिक्षण तिला किती महागात पडलं, ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

ती मूळची पेडण्यातल्या धारगळची. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती आणि थोरली चंद्रभागा अकरा वर्षांची. चंद्रभागेने त्याच आठवड्यात चौथीची पाटी खुंटीला टांगली आणि चुलीचा ताबा घेतला. देवकीला न्हाऊ घालणं, वेण्या घालणं, ताप आला की कपाळावर पट्ट्या ठेवणं, सगळं तिने केलं. देवकी तिला ‘बाय’ म्हणायची. बाय म्हणजे थोरली बहीण, पण त्या घरात त्या हाकेचा अर्थ आई असाच होता. देवकी शाळेत गेली, दहावी झाली, तेव्हा बाप म्हणाला होता, “ही पास झाली, पण अभ्यास चंद्रभागेने केला.” खोटं नव्हतं ते. देवकी वाचायची तेवढा वेळ चंद्रभागा शेजारी बसून तांदूळ निवडायची आणि तिला पेंग आली की पाठीत हलकी चापट द्यायची.

पुढे चंद्रभागा हळर्णला दिली. नवरा अनंत परब, घरची थोडी शेती आणि माड. देवकी डिचोलीकडे मुळगावात आली. तिचा नवरा कृष्णनाथ खाणीवरच्या वर्कशॉपात फिटर होता. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या पुढच्याच वर्षी देवकीला बालवाडीत नोकरी लागली. गाणी मराठीत आणि दटावणी कोकणीत, असं तिने वीस वर्षं पोरांना शिकवलं.

दोन हजार नऊ साली तिने वर्तमानपत्रात एक जाहिरात वाचली. मनाच्या आजारांवर काम करणाऱ्या एका संस्थेला गावातल्या, दहावी झालेल्या बायका हव्या होत्या. डॉक्टरी शिक्षणाची अट नव्हती. ‘ऐकून घेण्याची आवड असावी’, एवढंच लिहिलं होतं. मुलगी लग्न होऊन गेली होती, बालवाडीतून ती नुकतीच मोकळी झाली होती. ती मुलाखतीला गेली. तिथे तिला विचारलं, “समोरचं माणूस रडायला लागलं तर तुम्ही काय कराल?”

“पाणी देईन,” देवकी म्हणाली, “आणि गप्प बसेन.”

तिला घेतलं.

दोन महिने शिक्षण झालं. शिकवणारे होते अविनाश सर, चाळिशीचे, हळू आवाजात बोलणारे मानसतज्ज्ञ. त्यांनी समजावून सांगितलं की मनाचे डॉक्टर फार थोडे आहेत आणि उदासीने ग्रासलेली माणसं गावोगाव आहेत. ती माणसं मनाच्या डॉक्टरकडे जातच नाहीत. पाठ दुखते, झोप येत नाही, छातीत धडधडतं म्हणून आरोग्य केंद्रात येतात आणि गोळ्या घेऊन परत जातात. अशा माणसांना गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बाईने आठ वेळा भेटून, रीतसर बोलून बरं वाटतं का, हे पाहायचं होतं. खरोखर वाटतं का हे कळायला दोन गट हवेत. एका गटाला डॉक्टरांचे नेहमीचे उपचार आणि शिवाय हे बोलणं. दुसऱ्या गटाला फक्त डॉक्टरांचे उपचार. वर्षभराने दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारायचे आणि फरक पडला का ते बघायचं.

“कोण कुठल्या गटात, ते कोण ठरवणार?” एकीने विचारलं.

“कोणीच नाही,” अविनाश सर म्हणाले. “ते बंद पाकिटात येईल. नर्स पाकीट उघडेल तेव्हाच कळेल. आपल्या मनात कुणाबद्दल दया आली म्हणून त्याला या गटात टाकलं, असं होता कामा नये. तसं झालं तर सगळी मेहनत पाण्यात जाईल.”

देवकीला ते पटलं. शेंगा वाटतानासुद्धा ती बालवाडीत डोळे मिटून वाटायची, नाहीतर लाडक्या पोराच्या ओंजळीत चार जास्त पडत.

तिला पेडण्याच्या बाजूच्या एका आरोग्य केंद्रात नेमलं. सकाळी डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पुढे दुसरी बस. तिच्यासोबत हेच काम करणारी प्रतीक्षा नावाची चोवीस वर्षांची मुलगी होती. केंद्राच्या मागच्या बाजूला एक खोली त्यांना दिली होती. एक टेबल, तीन खुर्च्या आणि फायलींचं पोलादी कपाट. जनेलातून चिकूचं झाड दिसायचं. खिडकीचा पडदा शिवून देवकीनेच आणला.

काम जमलं. पहिल्या सहा महिन्यांत जी माणसं तिच्यासमोर बसली त्यांतली रुक्मिणी तिला सगळ्यात जास्त लक्षात राहिली. कोल्हापूरकडची बाई, नवरा कारखान्यांच्या वसाहतीत गवंडीकाम करणारा. आठ महिन्यांचं बाळ गेल्यापासून ती दार लावून बसायची. पहिल्या भेटीत तिने एक शब्द काढला नाही. देवकीने पाणी दिलं आणि शिकवल्याप्रमाणे थांबली. तिसऱ्या भेटीत दोघींनी मिळून ठरवलं की रोज सकाळी, वाटलं नाही तरी, अंगणातल्या तुळशीला पाणी घालायचं आणि शेजारणीला एक हाक द्यायची. एवढंच. सातव्या भेटीला रुक्मिणी केसांत अबोली माळून आली. शिक्षणात हेच सांगितलं होतं: मन उठेल तेव्हा हात हलवू म्हणून थांबायचं नाही, हात हलवायचे, मन मागून येतं. संध्याकाळच्या बसमध्ये देवकीला त्या दिवशी उगीचच हसू येत होतं.

त्याच सुमाराला ती एका रविवारी हळर्णला गेली आणि चंद्रभागेला तिने नव्याने पाहिलं.

चंद्रभागेचा राजेश दोन वर्षांमागे कतारला गेला होता. तेव्हापासून ती गप्प होत गेली होती, पण वय झालं, पोर लांब गेलं, असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. देवकीनेही. आता मात्र उदासी ओळखायला तिला शिकवलेले बारा प्रश्न बहिणीच्या घरात एकेक करून दिसायला लागले. परसात मिरच्या लाल होऊन गळून पडल्या होत्या. बायने मिरच्या कधी वाया घालवल्या नव्हत्या. पेज ढवळता ढवळता तिचा हात थांबायचा. जेवताना तिने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

“बाय, तुका झोप लागता मगे?” देवकीने विचारलं.

“लागता, मोडता.”

“आणि काम करूसा वाटता?”

चंद्रभागा बाहेर माडांकडे बघत राहिली. “जीव लागना नाय गो कशात,” ती म्हणाली. “माका काय झाला नाय. पण जीव लागना नाय.”

देवकीने तिला त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात आणलं. नात्यातल्या माणसाशी आपण स्वतः बोलायचं नाही हा नियम तिला ठाऊक होता. तिच्या मनात होतं की प्रतीक्षा बोलेल. मुलगी चांगली आहे, बाय तिच्यापाशी मोकळी होईल. संस्थेच्या पाहणी करणाऱ्या बाईने बारा प्रश्न विचारले. चंद्रभागेची उदासी बरीच खोल आहे असं निघालं. मग संमतीचा कागद वाचून दाखवला. दोन गटांतल्या कुठल्याही गटात नाव येऊ शकतं, नको असेल तेव्हा बाहेर पडता येतं, सगळं चंद्रभागेने ऐकलं आणि चौथीपर्यंत गिरवलेल्या अक्षरात सही केली. देवकी बाहेर पडवीत उभी होती.

नर्सने पाकीट उघडलं. फक्त डॉक्टरांचे उपचार.

“होय मां,” चंद्रभागा म्हणाली, तिला यात काही विशेष वाटलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, महिन्याने या म्हणाले. ती गोळ्यांची पुडी पदराला बांधून बसस्टॉपकडे चालायला लागली. देवकी तिच्यामागून गेली, तिला बसमध्ये बसवून आली आणि खोलीत येऊन कपाटाला टेकून उभी राहिली. प्रतीक्षाने विचारलं, “देवकीताई, काय झालं?” तिने कपाटातून पुढची फाईल काढली.

दर शुक्रवारी अविनाश सर यायचे. त्या शुक्रवारी देवकीने सगळं त्यांच्यापुढे मांडलं.

“सर, तिला मी बोलणाऱ्या गटात घालून मागत नाही,” ती म्हणाली. “पण मी दर रविवारी तिच्या घरी जाते. तिथे मी तिच्याशी बोलले तर?”

“बोला ना. बहीण आहे तुमची.”

“तसं नव्हे. आपण इथे बोलतो तसं.”

“तसं नको,” अविनाश सर म्हणाले. “बारा महिने नको. तुम्ही आधी जशा बोलत होता तशाच बोला. फक्त बहीण म्हणून. वर्ष संपलं की त्या गटातल्या ज्यांना हवं असेल त्या सगळ्यांना हे बोलणं मिळणार आहे. तुमच्या बहिणीलाही.”

“सर, पण याने बरं वाटतं.”

“ते आपल्याला अजून ठाऊक नाही, देवकीबाई. ठाऊक असतं तर ही चाचणी केलीच नसती.”

“मला ठाऊक आहे,” देवकी म्हणाली.

सर म्हणाले, “कदाचित तुमचं खरं असेल. आणि तसं असेल तर ते सिद्ध व्हायला हवं, म्हणजे उद्या गोव्यातल्या प्रत्येक केंद्रात तुमच्यासारखी बाई बसेल. तुमच्या बहिणीची तब्येत फार बिघडली तर डॉक्टर आहेत, त्यांना तसं सांगून ठेवलेलं आहे. आणि तुम्हाला हे झेपणार नसेल तर मला सांगा. मी तिला चाचणीतून बाहेर काढून दुसरीकडे पाठवायची सोय करतो. त्यात काही वाईट नाही.”

देवकीने घरी जाऊन विचार केला. कृष्णनाथला विचारलं. तो म्हणाला, “तुझो शब्द तू दिलेलो.” तेच खरं होतं. पण त्यामागे आणखी एक गोष्ट होती आणि ती तिला पुष्कळ वर्षांनी स्वतःशी कबूल करता आली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्यावर मोठं काम सोपवलं होतं. ते आपल्या हातून बिघडू नये असं तिला वाटत होतं. तिने सरांना सांगितलं, “झेपेल.”

मग ते वर्ष सुरू झालं.

आधी जशी बोलत होतीस तशी बोल, हे सांगायला सोपं होतं. आधी आपण कशा बोलत होतो, हेच देवकीला आठवेना. रविवारी ती हळर्णला जायची, पाव घेऊन, कधी सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेऊन. बाय मागच्या दारी बसलेली असायची. देवकीच्या तोंडावर प्रश्न यायचा आणि लगेच आतून कुणीतरी विचारायचं, हा प्रश्न बहिणीचा की चाचणीचा? तुळशीला पाणी घाल म्हणायचं होतं, तिने जीभ चावली. चल, शेजारी जाऊन येऊ म्हणायचं होतं, तेही चाचणीतलंच. बाय रडली तर पाणी द्यायचं आणि गप्प बसायचं, हे तर ती शिकायच्या आधीपासून करत होती. मग ते कुणाचं? असं करता करता ती सुंगटांच्या भावाबद्दल बोलायची, धारगळच्या रस्त्याबद्दल बोलायची, कृष्णनाथच्या गुडघ्याबद्दल बोलायची. जे बोलल्याने काहीही होणार नाही, तेवढंच तिच्यापाशी उरलं होतं.

आठव्या महिन्यात एकदा चंद्रभागा आपणहून म्हणाली, “देवकी, तुका एक विचारूचा हा.”

“विचार मगे.”

“माणसाक कधी कधी वाटता...” एवढं बोलून ती थांबली. हातातल्या भेंडीचा देठ तिने उगाच दोनदा कापला.

शिकवल्याप्रमाणे इथे थांबायचं असतं. माणूस पुढे बोलेपर्यंत वाट पाहायची असते. देवकीला ते पुरतं ठाऊक होतं आणि म्हणूनच ती घाबरली. बाय आता काही बोलली तर आपल्याला तिथे थांबता येणार नाही, आपण सगळं शिकलेलं बाहेर काढू, असं तिला वाटलं.

“वयान होता तसा,” ती घाईने म्हणाली. “गोळये वेळेर घेतंस मगे?”

“घेतंय,” चंद्रभागा म्हणाली आणि भेंडी चिरायला लागली. थोड्या वेळाने, आवाजात राग न आणता ती म्हणाली, “लोकांवांगडा बोलूचो तुका पगार हा. माझ्यावांगडा तू काय बोलणास नाय आताशी.”

देवकीने भेंडीचे देठ गोळा केले. संध्याकाळी बसमध्ये तिच्या शेजारी मुळगावातली एक बाई बसली होती, ती सारा वेळ आपल्या सुनेबद्दल बोलत होती. देवकी मान हलवत राहिली.

बारा महिने संपले. परक्या केंद्रातली एक बाई येऊन चंद्रभागेला पुन्हा तेच बारा प्रश्न विचारून गेली. कोण कुठल्या गटातलं, हे त्या बाईला ठाऊक नसायचं. आकडे देवकीला दाखवत नसत. त्यानंतर चंद्रभागेला विचारलं, बोलणं हवंय का, आणि देवकीची खात्री होती की ती नको म्हणेल. ती हो म्हणाली.

प्रतीक्षा दर बुधवारी हळर्णला जायला लागली. परत आली की फाईल लिहायची, कपाटात ठेवायची आणि देवकीशी चहाबद्दल बोलायची. तोही नियमच होता. देवकी विचारत नव्हती. पण चौथ्या बुधवारनंतरच्या रविवारी ती हळर्णला गेली तेव्हा परसातला पाचोळा झाडलेला होता. पुढच्या रविवारी वाफे केलेले होते. मग एकदा बाय तिला म्हणाली, “जेवूक बस, आज मी खतखतां केलंय,” आणि दोघी ती मिश्र भाज्यांची आमटी भाताशी जेवल्या. अनंतभावोजी बऱ्याच दिवसांनी मोठ्याने काहीतरी सांगत होते.

देवकीला आनंद झाला. तो खरा होता. पण त्यात एक कुसळ होतं, आणि ते किती दिवस टोचेल याची तिला कल्पना नव्हती.

अखेर एका रविवारी ती विचारून बसली. दोघी मागच्या दारी कोकमं फोडत होत्या, हात लालभडक झाले होते.

“बाय, प्रतीक्षेक तू काय सांगलंस?”

“खूप सांगलंय.”

“काय ता?”

“ता तुका नाय सांगूचा.”

“मी तुझी बहीण.”

“म्हणान,” चंद्रभागा म्हणाली. तिने हातातलं कोकम खाली ठेवलं आणि कितीतरी दिवसांनी देवकीकडे नीट पाहिलं. “मी तुका सांगलंय तर तू रडतलंस. आणि तू रडलंस की माका तुझे डोळे पुसूक व्हये. जलमभर ताच केलंय मी. त्या चेडवाक सांगताना माका तिची आवय होवूक लागला नाय. ता नुसता बसला आणि आयकला.”

आवय म्हणजे आई. देवकीचे डोळे भरून आले. चंद्रभागेने पदराचं टोक पुढे केलं आणि मग स्वतःच किंचित हसली, “बघलंस?”

त्यानंतर दीड वर्षाने चंद्रभागा गेली. वाफ्यात मिरचीची रोपं लावताना डोकं धरून बसली, म्हापशाला नेईपर्यंत शुद्ध हरपली आणि तिसऱ्या दिवशी संपलं. मेंदूतली नस फुटली होती, त्याला कुणाचा इलाज नव्हता. राजेश कतारहून दुसऱ्या दिवशी पोचला. बाराव्याला प्रतीक्षा आली होती. ती स्वयंपाकघरात बायकांना भांडी पुसू लागत होती आणि कुणाच्या नकळत रडत होती. देवकीने तिला पाहिलं. या मुलीला आपली बहीण ठाऊक आहे, असं तिच्या मनात आलं. आपल्यापेक्षा जास्त.

त्याच वर्षी खाणी बंद पडल्या. कृष्णनाथ घरी बसला. चाचणीचं कामही आटोपत आलं होतं. सगळ्या फायली खोक्यांत भरून मुख्य कचेरीत पाठवायच्या होत्या आणि हे काम देवकीकडे आलं. फायलींवर नावं नव्हती, फक्त नंबर होते. पण नंबर कुणाचा, ते तिला ठाऊक होतं. बहिणीला आणलं त्या दिवशीच तिने तो वाचला होता आणि मग कधी विसरली नाही.

फाईल हातात आली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. दुपारचे तीन वाजले असतील. देवकीने ती खोक्यात ठेवली, पुन्हा काढली आणि खुर्चीवर बसली. आत दोन प्रकारचे कागद होते. प्रतीक्षाने लिहिलेली पानं मागे होती, टाचणी लावून बंद लिफाफ्यात. त्या लिफाफ्याला तिने हात लावला नाही. वर प्रश्नांचे छापील तक्ते होते. तेही तिने बघायचे नव्हते. तिने ते बघितले.

शेवटचा प्रश्न जगू नये असं वाटण्याबद्दल होता. पहिल्या दिवशीच्या तक्त्यात तिथे ‘कधीच नाही’ होतं. आठव्या महिन्यात डॉक्टरांनी मध्येच एकदा विचारलेलं नोंदवलं होतं. तिथे ‘जवळजवळ रोज’वर खूण होती. खाली डॉक्टरांच्या हातचं लिहिलेलं होतं: गोळ्या वाढवल्या, नवऱ्याला बोलावून समजावलं, दर आठवड्याला येण्यास सांगितलं.

तारीख बुधवारची होती. भेंडी चिरली तो रविवार त्याच्या तीन दिवस आधीचा.

देवकीने फाईल बंद केली, खोक्यात ठेवली, खोक्याला दोरी बांधली. प्रतीक्षा आली तेव्हा ती जनेलापाशी उभी होती. “ताई, झालं सगळं भरून?” तिने विचारलं. “झालं,” देवकी म्हणाली. मग तिने अविनाश सरांना फोन लावला आणि आपण तक्ते बघितल्याचं सांगून टाकलं. सर म्हणाले, “हे मला नोंदवावं लागेल.” ती म्हणाली, “नोंदवा.” ते पुढे म्हणाले, “देवकीबाई, त्या दिवशी मी तुम्हाला दुसरा सल्ला द्यायला हवा होता का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मला उत्तर सापडलेलं नाही.”

पुढच्या वर्षी पणजीत एका सभागृहात निकाल सांगितले. मोठमोठे डॉक्टर आले होते. पडद्यावर दोन गटांच्या उदासीच्या दोन रेघा दाखवल्या. दोन्ही खाली येत होत्या, पण बोलणाऱ्या गटाची जास्त भराभर. माणसं जास्त बरी झाली होती आणि बरी झालेली बरीही राहिली होती. एक डॉक्टर म्हणाले की हे काम आपल्या गावातल्या बायकांनी केलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देवकीला उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली, हात जोडले, बसली. वरच्या, फक्त डॉक्टरी उपचारांच्या रेघेकडे ती बघत होती. ती रेघ शेकडो माणसांची मिळून झाली होती आणि त्यांतली एक तिच्या वेण्या घालायची.

“तुमचं खरं होतं,” चहाच्या वेळी अविनाश सर तिला म्हणाले.

“होय,” ती म्हणाली. “आता ठाऊक झालं.”

पुढच्या कामासाठी संस्थेने तिला पुन्हा बोलावलं. ती नको म्हणाली. प्रतीक्षा गेली, ती आता नव्या मुलींना शिकवते. देवकीकडे मुळगावातल्या बायका अजून येतात. सून बोलत नाही, नवरा खाण बंद झाल्यापासून पितो, झोप नाही. देवकी त्यांचं ऐकून घेते आणि गरज दिसली की स्वतः सोबत जाऊन डॉक्टरांकडे पोचवते.

रविवारी हळर्णला जायचं तिने सोडलं नाही. राजेश परत कतारला गेला होता, अनंतभावोजी एकटेच राहत. ती भात-आमटी करून ठेवायची, कपडे धुऊन वाळत घालायची. भावोजी कमी बोलणारे. नारळ किती उतरले, माकडांनी किती नासले, एवढंच. गोळ्या वाढवल्या ते त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी आपल्याला सांगितलं नव्हतं, हे देवकीने बरेच महिने मनात ठेवलं. एकदा उन्हं उतरताना दोघं मागच्या दारी बसली होती, तेव्हा ती बोलली.

“भावोजी, डॉक्टरान तुमका बोलावन घेतलेला. माका कित्याक नाय सांगलात?”

“तिनाच सांगूक दिला नाय,” भावोजी म्हणाले. “देवकीक कळला तर ता काम सोडून हय येवन बसतला, म्हणा होती. आणि तुका त्या कामाची हौस होती, ता तिका दिसा होता.”

कुंपणापलीकडून कुणाची तरी गाय घरी चालली होती.

“तुका एक विचारू?” भावोजी म्हणाले. “त्या चेडवाक तिना काय सांगल्यान, ता तुका ठाऊक हा?”

“नाय.”

“माकाव नाय,” ते म्हणाले. “पस्तीस वर्षां संसार केलंव.”

थोड्या वेळाने ते उठले आणि माडांना पाणी सोडायला गेले. देवकीने दोरीवरचे कपडे काढले, एकेक करून घडी घातली आणि शेवटच्या बससाठी चालायला लागली.